दहाव्याच्या दिवशीची भट्टी

रवींद्र गेल्यावर हेमा कारखान्यात परत आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सावरली. तसं नव्हतं. तिला घरी काही वाटत नव्हतं आणि इथेही नाही. इथे निदान काम होतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतलं हे युनिट नवरा-बायकोनं मिळून उभं केलेलं. स्टेनलेस स्टीलचे भाग हवा काढलेल्या भट्टीत ठेवायचे, नायट्रोजन सोडायचा, वीज द्यायची. आत जांभळा उजेड पडतो, नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरतो आणि वरचा थर टणक होतो. धातूची जाण हेमाची, गिऱ्हाइकं रवींद्रची, आणि भट्टी सांभाळायचा धाकटा दीर दौलत.

त्या सकाळी कल्याणचे त्र्यंबक सोमण आले. ते डेअऱ्यांसाठी पंप बनवत. रवींद्रबद्दल दोन शब्द बोलून त्यांनी पिशवीतून एक शाफ्ट काढून टेबलावर ठेवला. त्यावर तपकिरी ठिपके होते. इथून नेलेली सगळी खेप अशीच गंजली, दुधात हे चालणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले आणि गेले.

हेमानं शाफ्टचा तुकडा कापला, घासून चकचकीत केला, अ‍ॅसिड लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जो थर पांढरा राहायला हवा, तो काळा पडला होता. म्हणजे भट्टी जास्त तापली होती. चारशे अंशांच्या आसपास ठेवली तर वेळ फार लागतो, पण पोलादातलं क्रोमियम जागच्या जागी राहतं. पाचशेच्या वर नेली की नायट्रोजन क्रोमियमलाच धरून बसतो. मग गंजाला अडवायला काही उरत नाही.

दौलत दारात उभा होता. तिनं विचारायच्या आधीच तो बोलला.

"दहाव्याला खडवलीला यायचं होतं, वहिनी. कमी तापमानावर ठेवली असती तर भट्टी सोडून निघता आलं नसतं. म्हणून वाढवली."

त्या दिवशी नदीकाठी कोण आलं होतं, कोण नव्हतं, हेमाला आठवतच नव्हतं.

पोलादच खराब आलं होतं असं सांगू या, कोण तपासणार, असं दौलतनं चाचरत सुचवलं. हेमानं फोन उचलला आणि सोमणांना सांगितलं, की भट्टी आमच्याकडूनच जास्त तापली, नवीन शाफ्ट आम्ही आमच्या खर्चानं करून देतो. सोमण म्हणाले, द्या. पण पुढचं काम ठाण्याला देईन. तिनं बरं म्हटलं.

नवीन शाफ्ट दोघांनी मिळून भट्टीत लावले. या वेळी घाई नव्हती. बाहेर काढल्यावर त्यातला एक हेमानं मिठाच्या फवाऱ्यात ठेवला. त्यावर डाग आला नाही. तो पुसत असताना दौलत म्हणाला, "वहिनी, रागवा तरी."

"राग येत नाही, भावजी. काहीच येत नाही."

तिनं शाफ्ट कागदात गुंडाळला.

"तुम्ही आलात ते बरं केलंत. मला आठवत नाही, पण बरं केलंत."

दौलत तिथंच एका रिकाम्या पिंपावर बसला आणि रडू लागला. भाऊ गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. हेमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं ओला होता, एवढं तिला कळलं. त्याचं रडणं थांबेपर्यंत तिनं हात काढला नाही.