निजलेला कांदा

बोटाखाली कुंडीतला कांदा दबला — एरवी दगडासारखा घट्ट असायचा तो — पिकल्या चिक्कूसारखा दबला, आणि वासावरूनच वसुमतीला कळलं, की कुजला. गच्चीवरच्या बाकीच्या कुंड्या, जाड मांसल पानांची ती आफ्रिकेतली रोपं, धडधाकट होती. हाच एक गेला, तिच्या नवऱ्याचा, गुरुराजांचा, लाडका लाल फुलाचा कांदा. वीस वर्षांपूर्वी डर्बनच्या एका स्नेह्याने आगबोटीने पाठवलेला; आता तिकडचा व्यापारच सरकारने बंद केलेला, म्हणजे दुसरा मिळणं नाही. श्रावण सरता सरता, पानं यायच्या आधीच, त्याचं रक्तासारखं फूल मातीतून उघडंच वर यायचं, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा तो अबोल माणूस त्या आठ दिवसांत हसायचा... ती बाळंतीण होऊन रिकाम्या हाताने घरी आली, त्या श्रावणातही हसला होता.

संक्रांतीला त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. तेव्हापासून कुंड्यांना तीच पाणी घालत होती. रोज, तांब्या तांब्या. बसवनगुडीतल्या शेजारणी म्हणत, अक्का, किती करता हो त्यांचं.

पण उन्हाळ्यात हा निजतो, निजलेल्याला पाणी घालायचं नसतं — हे त्यांनी कितीदा सांगितलं होतं. विसरले मी... विसरले? मग चैत्रात तांब्या कलता करताना हात क्षणभर थांबला होता, तो कशाला?

न सांगितलं तरी चालणार होतं; जिना चढून ते आता कधी वर यायचे नव्हते. सांगायचं नाही असं ठरवूनच ती खाली उतरली, पण खिडकीशी बसलेल्या गुरुराजांच्या खुर्चीजवळ टेकली.

"अहो, लाल कांदा कुजला. मी पाणी घालत होते."

त्यांनी डोळे मिटले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली; आणि कानांवर पडल्यावरच तिला ते खरं वाटलं.

मग त्यांचा डावा हात, तेवढाच चालता राहिलेला, धोतराचा सोगा चिमटीत धरून हळूहळू पुढे आला, आणि गुडघ्यावर टेकलेली तिची मातीची बोटं पुसू लागला — एकेक, नखांच्या कडांपर्यंत. डोळे मिटलेलेच होते. हे तिच्यासाठी होतं की त्या मातीसाठी, तिला कळेना. तिने हात मागे घेतला नाही. त्या श्रावणापासून इतकी वर्षं जपलेला राग आत शोधूनही सापडत नव्हता, आणि तो नसताना या माणसाजवळ कसं राहायचं, याचीच आता तिला भीती वाटू लागली.