अकरा मिनिटं खरा ठरलेला ब्लॉक

मी एक ब्लॉक बोलतोय. फुटपाथवर बसवतात तो सिमेंटचा नव्हे. त्या बिचाऱ्याला निदान कुणी तुडवतं तरी. मी कॉम्प्युटरच्या आतला. ज्या नाण्याला हात लावता येत नाही, त्या नाण्याचे जगभरचे व्यवहार एका साखळीत लिहिले जातात, त्या साखळीची मी एक कडी. म्हणजे होतो. अकरा मिनिटं. हसू नका! तेवढ्यात माझा जन्म, मानपान आणि बेअब्रू सगळं उरकलं.

मी एका पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलो. तिथे शेकडो यंत्रं दिवसभर आकडे जुळवत बसलेली असतात आणि पंखे नुसते किंचाळत असतात. एका यंत्राचा आकडा जुळला आणि मी झालो, पोटात दोन हजार व्यवहार घेऊनच. पण नशीब बघा! त्याच क्षणी जगाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या शेडमध्ये, माझा जुळा भाऊ जन्मला. जागा एक आणि हक्क सांगणारे दोघं. अर्ध्या कॉम्प्युटरांनी मला खरं मानलं, अर्ध्यांनी त्याला. आमच्यात ना न्यायाधीश, ना पंच. ज्याला आधी मूल होईल, म्हणजे ज्याच्या मागे पुढचा ब्लॉक आधी जोडला जाईल, त्याची साखळी लांब, आणि ज्याची साखळी लांब तोच खरा. तोवर दोघांनीही खुशाल मिरवायचं.

मी जाऊन पोचलो एका शिंप्याच्या दुकानात. तिथला कॉम्प्युटर बटणांच्या डब्यांना टेकून ठेवलेला होता आणि त्याच्या इवल्याशा कॅमेऱ्यातून मला सगळं दिसत होतं. शिंपी दोघं भाऊ, हे दुकान थोरल्याचं. धाकटाही शिंपीच, त्याचं दुकान रस्त्यापलीकडे, अगदी समोर. नऊ वर्षं दोघांत अबोला. कशावरून ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण माघार कोण घेणार?

वडिलांची मोठी कात्री थोरल्याकडे होती. ती त्यानं विकायला काढली आणि धाकट्याला ती हवीच होती. पण देणंघेणं करायचं कसं? थोरला म्हणे, "त्याच्या चेकचा मला भरवसा नाही." धाकटा म्हणे, "त्यानं दिलेली पावती तो उद्या नाकारेल." शेवटी थोरल्याच्या बायकोनं, वहिनीनं, तोडगा काढला. लांबच्या गिऱ्हाइकांकडून ती याच नाण्यात पैसे घेत असे. ती म्हणाली, "इथे एकदा पक्कं लिहिलं गेलं की कुणाच्या बापालाही खोडता येत नाही. पण पहिल्याच ब्लॉकला भुलू नका हं. पहिला म्हणजे नुसता धावदोरा. त्यावर आणखी पाच आले, एकूण सहा झाले, की पक्की टीप. धावदोऱ्यावरचा कोट घालून कुणी घराबाहेर पडतं का?"

दोघांनी माना डोलावल्या. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलेले ना!

ठरल्या दिवशी धाकटा थोरल्याच्या दुकानात येऊन बसला आणि त्यानं फोनवरून पैसे पाठवले. तो व्यवहार नेमका माझ्या पोटात. पडद्यावर "एक" उमटला. वहिनी मागच्या खोलीत इस्त्रीला गेली. थोरल्यानं दहा मिनिटं कशीबशी कळ काढली, पण समोर बसलेल्या भावाचं तोंड त्याला बघवेना. "झालं एकदाचं!" म्हणत त्यानं कात्री पुढे केली.

धाकट्यानं ती हवेत चालवून पाहिली. "धार तशीच आहे, दादा."

"रोज लावतो," थोरला भिंतीला म्हणाला.

नऊ वर्षांनी दोन वाक्यं! आणि कुणामुळे? माझ्यामुळे! मी असा फुगलो म्हणता!

तेवढ्यात माझ्या जुळ्याला मूल झालं.

पडद्यावर "एक" होता तिथे "शून्य" आला. मला साखळीतून काढलं आणि माझ्या पोटातले व्यवहार परत रांगेत जाऊन उभे राहिले.

"शून्य?" थोरला ओरडला. "चोरा, काय हातचलाखी केलीस?"

"मी? पैसे पाठवले मी! तुझाच डबा बिघडलाय!"

"ठेव कात्री!"

"नाही ठेवत जा!"

कात्रीची एक मूठ याच्या हातात, दुसरी त्याच्या. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती. आता हे दोघं मरेपर्यंत बोलणार नाहीत, आणि तेही माझ्यापायी!

वहिनी हातात इस्त्री घेऊनच बाहेर आली. "सोडा दोघं! अहो, सहा म्हणाले होते ना मी? भावोजी, बसा त्या स्टुलावर. पैसे कुठे पळाले नाहीत, पुढच्या ब्लॉकमध्ये येतील. सहा होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. कात्री माझ्याकडे द्या."

गरम इस्त्रीपुढे कोण बोलणार? बसले दोघं.

पुढचा ब्लॉक आला. एक. मग दोन. धाकट्याला बघायला काही नव्हतं, म्हणून तो टेबलावरच्या कोटाच्या कापडाकडे बघत बसला.

"दादा, ही खडूची रेघ तुझी?"

"मग काय शेजाऱ्याची?"

"हललीय."

थोरल्यानं कापडाची घडी त्या रेघेवर ओढली. वहिनीच म्हणाली, "सहा महिने झाले, हात थरथरतो यांचा. म्हणून कात्री विकायची. आणि लोकांना सांगतात, भाव चांगला आला म्हणून."

धाकटा थोरल्याकडे वळला. "हेसुद्धा नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास."

"आलोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

तीन झाले तेव्हा धाकटा उठला. त्यानं रेघ पुसून नवी मारली, वहिनीकडून कात्री घेतली आणि कापड बेतायला लागला. थोरला त्याच्या खांद्यावरून डोकावला. "बाहीला अर्धं बोट जास्त सोड."

"माहीत आहे मला."

"माहीत असतं तर त्या समोरच्या गल्लीतल्या मास्तरांची बाही आखूड झाली नसती."

सहावा ब्लॉक आला तेव्हा पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. "सहा झाले हो!" वहिनीलाच ओरडावं लागलं. धाकट्यानं कात्री थोरल्याच्याच खिळ्याला अडकवली. "आता ही माझी. तू हात लावायचा नाहीस. उद्या दहाला येतो, उरलेलं कापू."

तेव्हापासून तो रोज येतो आणि दोघं रोज भांडतात.

मी अजून त्याच कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात पडून आहे. माझ्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं हो, फक्त माझ्यामागे कुणी आलं नाही. तुमच्या पडद्यावर कधी माझ्यासारखा पहिला दिसला, तर त्याला मान द्या, पण हातातली वस्तू सोडू नका.

परवा वहिनी कॉम्प्युटर साफ करत होती. "अहो, तो त्या दिवशीचा रद्द झालेला ब्लॉक सापडला. काही उपयोगाचा नाही. पुसून टाकू?"

थोरल्यानं एकदा कापड बेतणाऱ्या भावाकडे पाहिलं.

"राहू दे त्याला," तो हळूच म्हणाला. "तो खरा निघाला असता, तर हा कात्री घेऊन तेव्हाच निघून गेला असता."