तिघांची पंगत

खाटेखालून बाहेर राहिलेला पाय राजलक्ष्मीनं धरला, पण ओढला नाही. तिच्या दुसऱ्या हातात वरणभाताची वाटी होती. वरचा भात सुकत आला होता.

"उत्कर्षा, एवढा एकच घास. मग खा म्हणणार न्हाई मी."

पाय हळूच आत गेला.

ती तशीच फरशीवर बसून राहिली. राग येतोय का, याची तिनं थोडा वेळ वाट पाहिली. आला नाही. मग ती उठली, वाटी ओट्यावर ठेवली, डब्यातली दोन बिस्किटं काढून खाटेखाली सरकवली. जराशानं आतून कुरकुर चावण्याचा आवाज आला.

उत्कर्षा तिच्या धाकट्या दिराची, शिवरामची मुलगी. चार वर्षांची. तिची आई दुसऱ्या खेपेला पोटुशी होती आणि डॉक्टरांनी तिला पाचव्या महिन्यापासून अंथरुणावरच पडून राहायला सांगितलं होतं. साताऱ्याकडे घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. शिवरामनं मुलीला एस्टीनं नेरूळला आणून सोडलं आणि दारातच म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडं हाय म्हणल्यावर मला घोर न्हाई." हे म्हणताना तो तिच्याकडे न बघता चपलेचा पट्टा लावत होता.

न बघण्याला कारण होतं. या घरात दोन वर्षांपूर्वीपर्यंत एक मूल होतं. यशराज सहा वर्षांचा होता. कावीळ झाली आणि नवव्या दिवशी तो गेला.

त्यानंतर घरात काही बिघडलं नाही, असंच बघणाऱ्याला वाटलं असतं. इंद्रजित पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडीच्या कामाला जायचा, अडीचच्या सुमाराला घरी यायचा. हातपाय धुऊन खिडकीकडे तोंड करून जेवायचा. राजलक्ष्मी ओट्याशी उभी राहून, भांडी आवरता आवरता दोन घास खायची. एकदा आमटीत मीठ टाकायचं ती साफ विसरली. इंद्रजितनं वाटीभर आमटी संपवली, पाणी प्यायला आणि उठला. तिला नंतर कळलं, तेही शेजारणीनं वाटी मागून नेली आणि बोलली म्हणून. तिनं स्वतः खाल्ली होती, पण तिलाही कळलं नव्हतं.

सेक्टरातल्या समाजमंदिरात बालवाडी भरायची. तिथल्या रंजिताबाई नेरूळ गावातल्याच होत्या, चाळिशीच्या, आवाजानं मोठ्या. त्यांनी मंगळवारी राजलक्ष्मीला थांबवून घेतलं.

"पोरगी डब्यातला काय खात नाय. काल खेलता खेलता भिंतीला टेकून झोपली. वजन केला मी. साडेअकरा किलो. चार वर्साची हाय ना ती?"

"व्हय."

"घरी कशी जेवते?"

"मागं लागून भरवते मी. गोष्ट सांगते, कावळे दाखवते. न्हाईच खाल्लं तर बिस्किटं."

"नि तुमी कवा जेवता?"

"मी? ती झोपली की."

"नि मालक?"

"ते मार्केटातनं आले की."

"मंग ती जेवते कोनासंगं?"

राजलक्ष्मीनं समाजमंदिराच्या फरशीकडे पाहिलं. कुणीतरी खडूनं त्यावर बदक काढलं होतं.

रंजिताबाई खाली बसल्या आणि तिलाही त्यांनी हाताला धरून बसवलं. "हे बघा ताई. आजपासून भरवायचा नाय. मागं पलायचा नाय. तिगांनी एका टायमाला बसायचा. तुमचा तेच तिचा, येगला काय शिजवायचा नाय. ताटात थोडा थोडा वाढायचा. खाल्ला तरी गप, नाय खाल्ला तरी गप. अर्ध्या तासानं ताट उचलायचा. मधे बिस्किट बंद, च्या बंद. पाच-सा दिवस रडंल. रडू द्या."

"आणि न्हाईच खाल्लं तर?"

"खाईल. तुमी खाताव का, ते बघंल नि खाईल."

इंद्रजितनं हे ऐकून घेतलं आणि खांद्यावरचा पंचा खुंटीला अडकवला.

"खायाचं तिला शिकवायचंय. मी कशाला मधी?"

"बाईंनी सांगितलंय तिगांनी बसायचं म्हणून."

"मला तीन वाजत्यात कधी कधी."

"थांबू आम्ही."

राजलक्ष्मीनं कपाटावरची सतरंजी काढली, झटकली आणि स्वयंपाकघरात आडवी अंथरली. ताटं मांडली. दोघं समोरासमोर बसले आणि मधे ती मुलगी. एकमेकांकडे बघायचं टाळायला आता खिडकी नव्हती की ओटा नव्हता. राजलक्ष्मी भाकरीकडे बघत जेवली. इंद्रजित पाण्याच्या तांब्याकडे बघत जेवला. उत्कर्षानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ताट पायानं लोटून दिलं. अर्ध्या तासानं राजलक्ष्मीनं ते उचललं.

पाच वाजता मुलगी बिस्किटं मागायला लागली. साडेपाचला रडायला लागली. ते रडणं जिन्यातून खाली गेलं आणि खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाई वर आल्या.

"काय गं, मारलंस का काय?"

"न्हाई. बिस्किट मागतीय."

"मग दे की! लेकरू उपाशी ठेवतीस?" यशोदाबाईंनी आत येऊन मुलीला कडेवर घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "राजलक्ष्मी, दुसऱ्याचं लेकरू हाय हे. उद्या काय कमीजास्त झालं तर लोक काय म्हणतील? आधीच तुझ्या हातनं..." आणि त्या थांबल्या.

वाक्य तिथंच राहिलं. राजलक्ष्मीनं ते मनातल्या मनात पुरं केलं आणि आता काहीतरी होईल म्हणून उभी राहिली. छातीत काही हललं नाही. तिनं हात पुढे करून मुलीला परत घेतलं.

"सात वाजता जेवाय बसू आम्ही," ती म्हणाली. "तवा खाईल."

सात वाजताही तिनं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं ताक प्यायली. तिसऱ्या दिवशी भात चिवडून जमिनीवर सांडला. राजलक्ष्मीनं फडकं आणून दिलं, दोघींनी मिळून पुसलं. चौथ्या दिवशी इंद्रजित जेवताना अचानक म्हणाला, "जमत नसंल तर शिवरामला फोन करू. घेऊन जाईल तो." राजलक्ष्मी म्हणाली, "पाच-सहा दिवस म्हणाल्यात बाई." एवढंच बोलणं झालं. पण जेवताना झालेलं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं बोलणं होतं.

सहाव्या दिवशी इंद्रजितनं भाकरीचा पापुद्रा काढून आमटीत बुडवला, तेव्हा एक छोटा हात त्याच्या ताटाकडे गेला. त्यानं ताट हलवलं नाही. मुलीनं उरलेला पापुद्रा सोलला, तसाच आमटीत बुडवला, तोंडात घातला. राजलक्ष्मीनं पाहिलं. इंद्रजितनंही पाहिलं. गप्प राहायचं असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून दोघंही गप्प राहिले. पण त्याचं चावणं थांबलं होतं, ते जरा वेळानं पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर हळूहळू गाडं पुढे सरकलं, कधी दोन पावलं मागंही आलं. मुगाची उसळ चालली. मेथी आठ दिवस ताटाच्या कडेला तशीच पडून राहिली आणि नवव्या दिवशी संपली. वांगं मात्र शेवटपर्यंत नको म्हणाली. राजलक्ष्मी तरी एक फोड वाढायची. पीठ मळायला घेतलं की उत्कर्षा परातीजवळ येऊन बसायची आणि चिमूटभर पिठाची वेडीवाकडी चानकी थापायची. ती तव्याच्या कडेला भाजली जायची आणि पहिली तात्यांना वाढली जायची. इंद्रजितला ती तात्या म्हणायची. तो ती करपलेली चानकी मुकाट्यानं खायचा.

एका बुधवारी तिघं बसली होती. उत्कर्षानं आमटी भुरकली, वाटी खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"मोठी आई, ह्याच्यात मीठच न्हाई."

राजलक्ष्मीचा हात ताटावर थबकला. तिनं इंद्रजितकडे पाहिलं. त्यानं आपल्या वाटीत बोट बुडवून चाखलं, जणू आजवर कधी चाखलीच नव्हती.

"व्हय की," तो म्हणाला. "न्हाई मीठ."

ती उठली. मिठाची बरणी घेऊन आली, तिन्ही वाट्यांत चिमूट चिमूट टाकलं आणि उभ्यानंच आपली वाटी तोंडाला लावली. आमटीत मीठ लागलं, चिंच लागली, गुळाचा खडा जरा जास्त झाला होता, तोही लागला. ती तशीच वाटी धरून उभी राहिली.

"बस की मोठी आई," उत्कर्षा म्हणाली. "उभं राहून जेवू नये. बाई म्हणतात."

महिनाअखेरीला रंजिताबाईंनी मुलीला पुन्हा काट्यावर उभं केलं. सव्वाबारा. पुढच्या महिन्यात तेरा. बाई म्हणाल्या, "अजून कमीच हाय, पन आता वाट धरली तिनी." राजलक्ष्मीनं मान हलवली. घरी येताना उत्कर्षानं तिचं बोट धरलं होतं. ते तिनं धरू दिलं आणि बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपणही घट्ट धरलंय.

श्रावणात शिवराम आला. मुलगा झाला होता, बाळबाळंतीण सुखरूप होती. तो पेढे घेऊन आला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं मुलीला घेऊन जाणार होता. जेवायला चौघं बसली. शिवरामनं सवयीनं भात कालवला, घास केला आणि लेकीच्या तोंडापुढं धरला.

"आ कर, बाळा. हा घास चिऊचा..."

उत्कर्षानं बापाचा हात बाजूला केला. "तू तुझं जेव ना, बाबा. मला येतं."

शिवराम हसला. मग ती भाताचा घास करते, मेथी लावते, तोंडात घालते, हे बघता बघता त्याचं हसू थांबलं. त्यानं मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदा राजलक्ष्मीकडे नीट पाहिलं.

"वहिनी..." तो म्हणाला.

"भात घ्या अजून," राजलक्ष्मी म्हणाली.

निघताना उत्कर्षा रडली नाही. जिन्याच्या वळणावर तिनं वर बघून हात हलवला आणि धाकट्या भावाला बघायच्या घाईत पायऱ्या उतरून गेली. राजलक्ष्मी कठड्याशी उभी होती. खालून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, तरी ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं काय शिजवलं, याकडे तिचं लक्षच नव्हतं. इंद्रजितनं पहाटे निघताना काल आणलेली भाजीची पिशवी ओट्यावर काढून ठेवली होती. त्यातलं जे हाताला लागलं ते तिनं चिरलं, मीठ लावून पिळलं, तेलावर परतलं. तो आला, तेव्हा अडीच वाजून गेले होते. हातपाय धुऊन तो स्वयंपाकघराच्या दारात आला. ताट वाढून ओट्यावर ठेवलं होतं, एकच. ते घेऊन तो खिडकीशी जाईल म्हणून ती बाजूला सरली.

तो गेला नाही. त्यानं कपाटावरची सतरंजी ओढली, अंथरली, तिच्या एका बाजूला बसला आणि राजलक्ष्मीकडे बघत राहिला.

"तुझं ताट?"

"मी खाते नंतर."

"मग थांबतो मी."

तिनं आपलं ताट वाढून घेतलं. समोर बसली. मधे जागा तेवढीच राहिली होती. इंद्रजितनं भाकरी मोडली, भाजीला लावली, घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. कारल्याच्या काचऱ्या होत्या.

"दोन वर्षांत केलं न्हवतंस," तो म्हणाला.

"लक्षात न्हाई आलं चिरताना."

खाली कुणीतरी बादली भरायला लावली होती.

"यशराजला लई आवडायचं," इंद्रजित म्हणाला. हे नाव त्यानं घरात घेतलं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. "एवढंसं पोरगं, पण कारलं खायचं. मार्केटात सांगायचो मी सगळ्यांना. माझं पोरगं कारलं खातं म्हणून."

राजलक्ष्मीनं मान वर केली नाही.

"न्हाई आवडायचं."

"काय?"

"न्हाई आवडायचं त्याला. तुम्ही खायाचा म्हणून एक फोड तोंडात घालायचा, तुमच्याकडं बघत. मग तुम्ही पाणी प्यायला तोंड वर केलं, की बाकीचं माझ्या ताटात."

इंद्रजितचा हात ताटातच राहिला.

"आणि तू?"

"मी खायची."

"तुला तर कारलं चालत न्हाई."

"न्हाई चालत."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमास्नी सांगू नको म्हणाला हुता," राजलक्ष्मी म्हणाली. आणि तिचा आवाज मधेच फुटला. तोंडातला घास तसाच राहिला, तो चावावा की गिळावा हे तिला कळेना. डोळ्यांतून पाणी ताटात पडत राहिलं आणि ती ते पुसायला हात वर नेईना, कारण हात खरकटा होता.

इंद्रजितनं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मग हात लांब करून तिच्या ताटातली कारल्याची फोड न् फोड उचलली आणि आपल्या ताटात घेतली.