गुल्लूचा आवाज

पोरांचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो आणि आवाजाच्या धंद्यातून ती बाद होतात. जमनाचा आवाज चाळिशी आली तरी फुटला नव्हता. जळगावच्या रेडिओवर एका बालनाटकातल्या राजपुत्राला ऐन वेळी गोवर निघाला, तेव्हा ऑफिसात टायपिंग करणाऱ्या जमनाला कुणीतरी गमतीनं माइकपुढे उभं केलं. तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. राजपुत्र, वासरू, हट्टी शेंगदाणा, सगळं तीच.

पुढे मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. जमना भांडली नाही, मुंबईला निघून गेली. टीव्हीवर आधी चेहराही दाखवून पाहिला. मोलकरीण झाली, शेजारीण झाली, नर्स झाली. पण निर्माते धूर्त. असे चेहरे पैशाला पासरी. न रुसणारं, न थकणारं सात वर्षांचं पोर कुठून आणायचं? बाहुल्यांच्या कार्यक्रमातला गुल्लू तिच्या वाट्याला आला आणि शनिवारी संध्याकाळी घरोघरची पोरं टीव्हीला चिकटायला लागली. रस्त्यात गुल्लूची नक्कल करत पोरं जमनाच्या अंगावरून पळत जायची. एकही थांबायचं नाही. का थांबावं? त्यांना ती कोण? खोलीवर परतलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याशी बोलायला माणूस नसे.

माहेर धुळ्याजवळ, सोनगीरला. तिथला भाऊ अभिमन एकदा कामानिमित्त मुंबईला आला, बहिणीच्या खोलीत बसून चहा प्याला, इकडेतिकडे बघत राहिला आणि उठताना म्हणाला, "अक्का, या आखाजीले माहेर ये. मी लेवाले येसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली प्रत्येक लेक माहेरी जाते. जमनाला कितीतरी वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. त्याला कारण होतं. अभिमनची पहिली मुलगी जमनानं बारशाला मांडीवर घेतली होती, आणि महिन्याभरात ती तापानं गेली. त्याची बायको, सुंदर नावाची वहिनी, तोंडानं काही बोलली नाही. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आता मुलगा होता, भूषण, सहा वर्षांचा. जमनानं त्याला पाहिलंही नव्हतं. एकदा तो मांडीवर येऊन बसावा, एवढ्याचसाठी ती गेली. खोटं कशाला बोला, आमरस-मांड्यांसाठी कुणी एवढा प्रवास करत नाही.

वहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं, विचारपूस केली, ताट वाढलं. सगळं रीतीनं. फक्त भूषणला ती सारखी कुठे ना कुठे पाठवत होती. वाण्याकडे जा, काकूकडे जा, वासराला पाणी दाखव. जमनानं आणलेले पेढे वहिनीनं हसून घेतले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले. पोरगा दारातून डोकावायचा आणि जमनानं हात पुढे केला की पळायचा. गुल्लूचा आवाज काढणारी ही आपलीच फुई, म्हणजे आत्या, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अभिमनला वाटायचं, बाहुलीमागे बाई असते हे सांगून पोराचा हिरमोड कशाला करा?

दुपारी बाया झोक्यांवर गाणी म्हणायला कडुलिंबाखाली गेल्या. वहिनी भूषणला बोटाशी धरून गेली. अभिमन गावात गेला होता. जमनाला कुणी "चाल" म्हटलं नाही, तीही उठली नाही. गाण्यांचे सूर घरात येत होते आणि तिला सगळी पाठ होती.

तेवढ्यात भूषण पाणी प्यायला धावत घरात आला. समोर फुई एकटी! पोरगा जो उधळला तो थेट कोठीच्या अंधाऱ्या खोलीत, आणि आतून कडी लावली. थोड्या वेळानं कडी खडखडली. मग रडणं. कडी घट्ट बसली होती.

"भूषण, घाबरू नको बाळा, मी आहे," जमना दाराशी जाऊन म्हणाली.

पोरानं भोकाड पसरलं. ती जितकं बोलेल तितकं ते वाढलं. शेवटी त्याचा श्वास अडकायला लागला, तेव्हा जमना दाराला टेकून खाली बसली, डोळे मिटले आणि गुल्लूच्या आवाजात म्हणाली, "ए भूषण! रडतोस काय वेड्या? मी गुल्लू."

रडणं थांबलं.

"गुल्लू? खरंच?"

"मग काय खोटं? आधी दार तुझ्याकडे ओढ. मग कडी वर कर. सावकाश."

आत खुडबुड झाली. मग पोरगा दाराच्या फटीला तोंड लावून हळूच म्हणाला, "गुल्लू, तठे फुई शे का?"

"आहे."

"तू पयी जाय! माय म्हणस, तिले पोर नही, तिनी नजर लागस. तू तिले दखावू नको."

स्वतः कोंडलेला असून गुल्लूनं तिच्यापासून पळावं, याची त्याला काळजी पडली होती. राग यावा असं तिथं कुणी नव्हतं. सहा वर्षांच्या पोरावर रागवायचं? की एक पोर गमावलेल्या वहिनीवर?

"मला नाही तिची नजर लागत," गुल्लू म्हणाला. "ती माझी आई आहे."



"फुईले पोऱ्या शे?"

"आहे ना. मी आहे."

आतून दार ओढल्याचा आवाज आला. मग कडी खळ्ळकन निघाली. पोरगा बाहेर आला, घामानं भिजलेला. त्यानं दारामागे पाहिलं, ओसरीत पाहिलं. जमना जमिनीवर बसली होती, पदर डोळ्यांना लावून.

"गुल्लू कोठे गया?"

"गेला," जमना आपल्या आवाजात म्हणाली.

"तुले टाकीसन?"

तिनं मान डोलावली. पोरगा दोन पावलं पुढे आला. तिनं हात पुढे केला नाही. या वेळी नाही. तो मात्र तिथंच थबकला. आईचं सांगणं त्याच्या पायात होतं.

"रडू नको, फुई," तो लांबूनच म्हणाला. "शनवारे तो टीव्हीवर येस. तठे दखी ले."

बाहेरून सुंदर वहिनीची हाक आली, "भूषण!" आणि पोरगा पळाला.

जमनाला दोन दिवस राहायचं होतं. शनिवारच्या भागाचा आवाज गुरुवारी, म्हणजे उद्याच, भरायचा होता. या आठवड्यापुरती दुसरी बाई बघा, असं ती स्टुडिओत सांगून आली होती. तिनं तोंड धुतलं आणि पिशवी भरायला घेतली. अभिमन परत आला तेव्हा ती दारात उभी होती. "रातनी गाडीले बसाडी दे, भाऊ," ती म्हणाली. "शनिवारी पोरगा वाट बघेल."