स्लाइडवरची पानं

थोरली बहीण फोटोग्राफर होती आणि धाकटीला नाटकात काम करायचं होतं. धाकटी लहानपणी एका जागी कधी टिकलीच नाही, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं. खारू थोरलीला ताई म्हणायची. पुढे स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकंही तिला ताईच म्हणू लागली.

शाळेत असतानाच खारूला कोड आलं. आधी ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसला, मग उजव्या पापणीवर, मग मानेवरून खाली. आईने मलमं आणली, उन्हात बसवलं, कोणी सांगेल त्या डॉक्टरकडे नेलं. डाग आपल्या गतीने वाढले आणि एक दिवस आपले आपणच थांबले. खारू बडबडी होती, नकला करायची, खणखणीत आवाजात उतारे म्हणायची. पण नाटकाच्या निवडीला गेली की समोरचा माणूस तिचे दोन संवाद ऐकायचा आणि तिसऱ्याला हातातल्या कागदांकडे बघायला लागायचा. शेवटी ती एका कुरिअर कंपनीत फोनवर बोलायच्या नोकरीला लागली. "माझा आवाज लोकांना फार आवडतो," ती म्हणायची. "पार्सल हरवलेली माणसंसुद्धा शेवटी थँक्यू म्हणतात." ती हसायची, आई हसायची. ताईला हसू येत नसे.

ताईचा स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. ओळखपत्रांचे फोटो, लहान मुलांचे फोटो, दुकानांच्या जाहिरातींसाठी बूट आणि पातेली, असं पोटापाण्याचं काम तिथे चाले. एकदा ताईने एक नवीन वस्तू आणली. फ्लॅशच्या तोंडावर बसवायचा प्रोजेक्टर होता तो. पुढे भिंग, मधे एक खाच. खाचेत स्लाइड सरकवायची आणि फ्लॅश उडवायचा, की स्लाइडवरचं चित्र समोरच्या माणसावर पडतं. जाळीची खिडकी, पावसाचे ओघळ, झाडाची सावली, जे हवं ते. डोळ्याला ते निमिषभरच दिसतं, कॅमेऱ्यात मात्र कायमचं उतरतं.

"हे नळकांडं काय आणलंस?" खारूने विचारलं.

"नळकांडं नाही म्हणायचं. ये, स्टुलावर बस."

खोलीत दुसरा कुठलाही उजेड चालत नसे, नाहीतर चित्र फिकं पडायचं. ताईने खिडक्यांवर काळी कापडं लावली, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली. मागच्या अंगणातल्या झाडाची पानं तिने स्लाइडवर उतरवली होती. नळकांड्यातला छोटा दिवा लावल्यावर खारूच्या गालावर अंधुक पानं हलली. ताईने भिंग मागेपुढे करून ती स्पष्ट केली.

"कशी दिसते मी?"

"झाडाखाली बसल्यासारखी. हलू नकोस."

फ्लॅश उडाला. त्या दिवशी बरेच फोटो काढले, पण संध्याकाळी ते पाहताना ताई एकेक फोटो बाजूला सारत गेली. काही जमलं नाही का, असं खारूने विचारलं तर म्हणाली, "स्लाइड बदलायला हव्यात. मी नवीन करते."

नवीन स्लाइड करायला तिला बरेच दिवस लागले. मग दर रविवारी सकाळी दोघी स्टुडिओत जाऊ लागल्या. आता ताई फार काटेकोर झाली होती. स्टुलाच्या मागे तिने एक लाकडी टेकू ठोकला होता. खारूने डोकं त्याला टेकवायचं आणि अजिबात हलवायचं नाही.

"मला खाज सुटली तर?"

"सुटू दे."

"शिंक आली तर?"

"गिळ."

"फोटो काढतेस का दात काढतेस गं?"

ताई हसायची, पुढे येऊन दोन बोटांनी खारूची हनुवटी केसभर वळवायची, कॅमेऱ्यातून बघायची, परत येऊन पुन्हा वळवायची. खारूला ते आवडायचं. त्या अंधारात बसलं की तिला हलकं वाटायचं. बाहेर कोणी नवीन माणूस भेटला की तिचं अर्धं लक्ष त्याची नजर कुठे जाते इकडे असे. इथे ते लक्ष सुटायचं. इथे एक नळकांडं होतं, आणि जन्मापासून तिला पाहत आलेली ताई होती.

फोटो सुंदर झाले. खारू ते हातात घेऊन किती वेळ पाहत राहिली. चेहरा, मान, हात, सगळीकडे उजेड आणि सावली एकमेकांत मिसळली होती. डाग वेगळे दिसत नव्हते. खारूला वाटलं, माझे डागही या पानांतली पानंच झाली आहेत. ती हे आईला म्हणालीसुद्धा, "बघ ना, मी आणि झाड यांत फरकच राहिला नाही." आईने डोळ्यांना पदर लावला.

गावातल्या कलादालनात त्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. पहिल्या दिवशी खारूची कामाची पाळी होती, ती जाऊ शकली नाही. त्याच दिवशी एक नाट्यदिग्दर्शिका प्रदर्शन पाहायला आली. ती एका फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग ताईला म्हणाली, "ही कोण? हिला बोलता येतं का?"

"माझी बहीण आहे. बोलायचं थांबवता येत नाही तिला."

"मग तिला माझ्याकडे पाठवा. याच चेहऱ्याची बाई मी शोधतेय."

त्या क्षणी ताईने काही बोलायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण खारूला एकदा आत तरी बोलावतील, एकदा बोलली की बाकीचं कोणाच्या लक्षातही राहणार नाही, असं तिने मनाला समजावलं आणि फोटोच्या एका छोट्या प्रतीमागे खारूचा नंबर लिहून दिला.

खारूने कामावरून सुट्टी काढली. आईची निळी साडी नेसली, रस्ताभर पुटपुटत संवाद पाठ केले. तालमीच्या खोलीत शिरली तेव्हा भिंतीवर तिचाच फोटो टाचणीने लावलेला होता. दिग्दर्शिकेने वर पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "बसा ना," ती म्हणाली. खारूने उतारा म्हटला. चांगला म्हटला. खोलीतल्या दोघातिघांनी माना हलवल्या.

दिग्दर्शिका वाईट बाई नव्हती. तिने खारूला चहा दिला आणि स्पष्ट बोलली. "तुमचं काम उत्तम आहे. पण मी तुम्हाला खोटं सांगत नाही. फोटो पाहून मी डोक्यात एक बाई धरली होती. आता ती बसवता येत नाहीये मला. फोटोत हे कुठेच नाही."

"आहे की," खारू म्हणाली. "पानांत मिसळलंय."

दिग्दर्शिकेने भिंतीवरचा फोटो काढून तिच्या हातात दिला. खिडकीपाशी भरपूर उजेड होता. खारूने पापणी पाहिली, ओठाची कड पाहिली, मान पाहिली. मिसळलेलं काहीच नव्हतं. जिथे जिथे डाग होता, तिथे तिथे नेमकं एक काळं पान पडलं होतं. एकही डाग उघडा नव्हता.

तिथून ती घरी गेली नाही, थेट स्टुडिओत गेली. ताई कोणाला तरी कपाटाचे फोटो पोचवायला बाहेर गेली होती. खारूकडे किल्ली होती. तिने कापडं ओढली, नळकांड्यात पानांची स्लाइड सरकवली आणि दिवा लावला. स्टूल रिकामं होतं, त्यामुळे उजेड मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडला. दर रविवारी त्या उजेडात ती स्वतः बसत असे, भिंत तिने कधी पाहिलीच नव्हती. भिंतीवर पानं उमटली. वर एक छोटं पान, खाली दोन पानांची कड, मग तिरपी उतरत जाणारी लांबट पानांची रांग. रोज सकाळी आरशात दिसणारं सगळं तिथे जसंच्या तसं होतं, फक्त पांढऱ्याच्या जागी काळं.

ताई आली तेव्हा खारू त्या अंधारात जमिनीवर बसली होती. निळ्या साडीचा घोळ धुळीत लोळत होता.

"काय झालं? घेतलं का तुला?"

"ताई, ही पानं कुठल्या झाडाची?"

ताईने भिंतीकडे पाहिलं आणि दारातच थांबली.

"मी रंगवली," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुझा साधा फोटो घेतला होता. त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून."

"म्हणून डोकं हलवायचं नाही."

"हो."

खारू ओरडली असती तर ताईला सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. "आधीच्या खऱ्या पानांचं काय झालं होतं?"

"त्यात तू दिसत नव्हतीस गं. बघणाऱ्याची नजर आधी तिकडेच जायची. मला वाटलं, लोकांनी एकदा तरी तुला बघावं. त्याला नाही, तुला."

"मी आणि ते वेगळे कधी झालो?"

ताई खाली बसली, खारूच्या हाताला हात लावला. खारूने हात ओढून घेतला नाही. तो नुसता तिथे पडून राहिला, कोणा तिऱ्हाइताचा असावा तसा.

"आईने मलमं लावली, त्याचं मला काही वाटलं नाही," खारू म्हणाली. "लोक बघतात, त्याचंही नाही. लोकांचं काय. पण मला वाटायचं, तुला दिसतच नाहीत. एवढी वर्षं वाटत होतं, की एक माणूस आहे ज्याला ते दिसत नाहीत. आणि तुला तर पाठ आहेत. माझ्यापेक्षाही पाठ आहेत."

"पाठ असणारच. तुझा चेहरा आहे तो."

"मग तो का नाही काढलास?"

नळकांड्यातल्या दिव्याने स्लाइड तापली होती. भिंतीवरची पानं कडेने वितळून पसरू लागली. दोघींपैकी कोणीही उठून दिवा बंद केला नाही.

ताईने प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी उतरवलं. फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर तोंडं भिंतीकडे करून ठेवले. ती खारूची माफी मागत राहिली, आधी रडून, मग समजावून, मग नुसतीच. "मला राग नाही आला," खारू म्हणायची, आणि ते खरंही वाटायचं. राग असता तर कधीतरी उतरला असता. ती हसून बोलायची, जेवायला बसायची, मीठ पुढे करायची. फक्त ताई खोलीत आली की तिचा हात मानेकडे जाऊ लागला. आधी तो कधीच जात नसे. ताईला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर गेली.

काही महिन्यांनी खारूला शेजारच्या गावातल्या एका लहानशा नाटकमंडळीत काम मिळालं. तिने नोकरी सोडली आणि तिकडेच खोली घेतली. निघताना ती आईच्या गळ्यात पडली आणि ताईला म्हणाली, "येते."

ताई तिचं नाटक पाहायला गेली. मागच्या रांगेत बसली. रंगमंचावर पिवळा, सपाट, कशाचीही तमा न बाळगणारा उजेड होता, आणि त्यात खारूचा सगळा चेहरा दिसत होता. ती एका भांडकुदळ शेजारणीचं काम करत होती. लोक पोट धरून हसले, आणि दुसऱ्या अंकात ती गप्प झाली तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं. ताईच्या शेजारचा म्हातारा बायकोला म्हणाला, "बाई तयारीची आहे."

नाटक संपल्यावर ताई आत गेली. खारू तोंड पुसत होती. तिने सगळ्यांशी ओळख करून दिली, "ही माझी बहीण. फोटोग्राफर आहे."

"मग काढा की आमचे फोटो," कोणीतरी म्हणालं.

ताईने खारूकडे पाहिलं. "काढू? साधे. काहीही न लावता."

"बाकीच्यांचे काढ," खारू म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पार्सल हरवलेल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली.

ताईने बाकीच्यांचे फोटो काढले. खारू तोवर कपडे आवरत राहिली.

त्यानंतर खारू आईला भेटायला महिन्यातून एकदा येई, पण ताई कामावर असतानाच. आई दोघींच्या मधे कधी बोलली नाही. "तिला उशीर होतो गं परतायला," एवढंच म्हणायची.

एका दुपारी एक गिऱ्हाईक आलंच नाही म्हणून ताई लवकर घरी आली. आई कप विसळत होती. एकटीच्या चहाला दोन कप लागत नाहीत.

"आत्ताच गेली," आई म्हणाली. "जिन्यात भेटली असेल."

ताई गॅलरीत धावली. खाली कोपऱ्यावर खारू रस्ता ओलांडायला थांबली होती. शेजारी आपल्या आईचा हात धरून उभी असलेली एक लहान मुलगी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत होती. मुलीने बोट पुढे केलं. तिच्या आईने घाईने तो हात मागे ओढला. खारू वाकली, मुलीला काहीतरी म्हणाली आणि आपला चेहरा पुढे केला. मुलीने त्या पांढऱ्या डागावर बोट टेकवलं आणि दोघी हसल्या.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. ताईने तोंड उघडलंही. पण वर पाहिल्यावर खारूचा हात कुठे जाईल, हे तिला माहीत होतं. तो निदान आत्ता तरी जाऊ नये, असं तिला वाटलं. गाड्या थांबल्या आणि खारू रस्ता ओलांडून गेली.

"दिसली का?" आईने आतून विचारलं.

"दिसली," ताई म्हणाली.