मुकं खळं

कुरुंद्याच्या शिवारात जळबाच्या खळ्यावर सकाळपासून कुणी अक्षर बोललं नव्हतं. उपणणी चालली की मुकं राहायचं, बोललं की रास आटते, असं त्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर एवढी ज्वारी पहिल्यांदाच आली होती. तेव्हा यंदा खोकायचीसुद्धा चोरी होती.

जळबा तिव्यावर उभा होता. त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवरून तो पाटी कलती करी. दाणा सरळ खाली पडे, भूस वाऱ्यावर जाई. धाकटा भाऊ संतराम खालून पाट्या भरून देई. चुलता ग्यानोबा राशीपाशी झाडणी घेऊन बसलेला. जळबाच्या बायकोचं, मिराबाईचं, ध्यान राशीकडं नव्हतंच. ती नवऱ्याच्या गळ्याकडं बघत होती. दर श्वासाला तिथली खळगी आत ओढली जात होती.

गेल्या सुगीत त्याला धाप लागली तेव्हा तिनंच त्याला वसमतच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं. हा दमा आहे. भुसाच्या धुरळ्यानं छातीतल्या नळ्या आवळतात, राखेनं बुजलेल्या फुकणीसारख्या, मग आत गेलेला वारा बाहेर निघत नाही. धुरळ्यात जायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. धाप लागली तर आडवं न होता पुढं वाकून बसायचं आणि ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायचा. शेवटी मिराबाईकडं वळून तो म्हणाला होता, एका दमात याचं वाक्य पुरं होतं का तेवढं बघत जा. एकेका शब्दाला थांबायला लागला, तर घरी ठेवू नको.

तेव्हापासून मिराबाई रोज सकाळी विचारी, काय रांधू? आणि जळबा एका दमात सांगे, जवारीची भाकर, अंबाडीची भाजी अन् वर लसणाची चटणी. आज पहाटे ते वाक्य अंबाडीपाशी तुटलं होतं. तिव्यावर भावजींना चढू द्या, असं तिनं म्हणून पाहिलं. जळबा नुसता हसला. उपणावं तर जळबानंच, असं सारा गाव म्हणे, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

दुपारी वारा एकदम भरला. असा वारा कुणाच्यानं सोडवत नाही. पाटीमागं पाटी चालली. पिवळ्या धुरळ्यात जळबा कमरेपासून वर दिसेनासा झाला. एकदा धुरळा फाटला, तेव्हा मिराबाईला त्याचे ओठ दिसले. जांभूळ खाल्ल्यासारखे.

ती उठली आणि राशीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"अवं, आज काय रांधू?"

संतरामच्या हातातली पाटी थबकली. ग्यानोबानं कपाळावर हात मारला. भर राशीत बाई सैपाकाचं विचारून राहिली होती.

जळबानं तोंड उघडलं. "भाकर..."

पुढचा शब्द आलाच नाही.

मग संतराम आणि ग्यानोबानं मिळून त्याला खाली उतरवलं आणि धुरळ्याबाहेर नेलं. ग्यानोबा घोंगडं अंथरायला लागला, निजवा म्हणाला.

"निजवायचं न्हाई, मामंजी. गाडी जुंपा."

तिनं पाटी पालथी घातली, जळबाचे कोपर तिच्यावर टेकवले आणि पाठीवर हात ठेवला. "फुकणीत फुंकल्यावानी सोडा. हळू. घाई न्हाई."

बैल जुंपता जुंपता ग्यानोबा पुटपुटला, "रास मोडलीस, सुनबाई."

"व्हय, मोडली," ती म्हणाली.

वसमतच्या वाटेला गाडी लागली. जळबा तसाच वाकून बसलेला. ओढा ओलांडल्यावर मिराबाईनं परत विचारलं, काय रांधू?

"भाकर... अंबाडी..."

दोन शब्द झाले. तिनं मुठीत दोन बोटं धरून ठेवली. वसमत अजून लांब होतं.

तेवढ्यात मागून वाऱ्यावर आवाज आला. ग्यानोबानं कासरा ओढला, बैल थांबले. वारा भरलेला, म्हणून खळं थांबलं नव्हतं. त्या मुक्या खळ्यावर, तिव्यावर चढून, संतराम खोकत होता.