गप्प राहिलेला स्विच

हृदयरोग विभागातला स्विच, म्हणजे यंत्रांच्या तारा एकत्र जोडणारी नेटवर्कची पेटी, कोपऱ्यातल्या कपाटात बसवलेला होता. प्रत्येक खाटेजवळच्या यंत्रातली हृदयाची रेघ त्याच्यातूनच सिस्टरांच्या टेबलापर्यंत पोचायची. तळमजल्यावरचा देखरेखीचा कॉम्प्युटर त्याला सारखा विचारत राहायचा, "बरा आहेस ना?" विचारताना परवलीचा शब्द सांगावा लागे. तो जुळला तरच स्विच उत्तर देई. न जुळला तर भांडण नाही, तंटा नाही. नुसता गप्प.

हा शब्द कारखान्यातून आला तसाच राहिला होता, म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक असलेला. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईने सकाळी तो स्विचवर बदलला. आता कॉम्प्युटरवरही बदलायचा, एवढ्यात वरच्या हृदयरोग विभागातून फोन आला, "तुमच्या बाबांना सात नंबरच्या खोलीत हलवतोय." ती धावली. बाबांच्या कपाळावरून हात फिरवला, "तो वर बसलाय ना बाबा, आपण कशाला घाबरायचं," म्हणाली आणि डोळे पुसत खाली आली. कॉम्प्युटरचं काम मनातून पार निघून गेलं होतं.

पडद्यावर दिवा हिरवा. स्विचचं तापमान एकेचाळीस.

"बघ, कसं सगळं गारेगार," तिचे साहेब म्हणाले. ते स्वतः कधीच तापत नसत, म्हणून सगळे त्यांना शांतोबा म्हणत.

"शांतोबा, मी वर गेले तेव्हाही एकेचाळीसच होतं."

"मग? स्थिर आहे बिचारा. तुझ्यासारखा उड्या मारत नाही."

"त्याचा पंखा कुरकुरतोय, हे तुम्हीच सांगितलंत. मग आकडा जरा तरी हलायला नको?"

शांतोबा खुर्चीत चुळबुळले. "अगं, उत्तर आलं नाही तर आधीचाच आकडा दाखवत राहा, असं मीच करून ठेवलंय. लाल दिवा दिसला की वरचे लोक माझं डोकं खायचे."

ताईला आठवलं, सकाळी शब्द फक्त स्विचवर बदलला होता. तिने कॉम्प्युटरवर नवा शब्द टाकला. एकेचाळीसचे एकदम ब्याण्णव झाले. दिवा लाल झाला आणि दुसऱ्या क्षणी आकडाच नाहीसा झाला. तापून तापून स्विचने मान टाकली होती.

फोन वाजला. "ताई, टेबलावरच्या सगळ्या रेघा गेल्या हो."

"सिस्टर, सातमध्ये कोण आहे?"

"कुणी नाही. दार लावून घेतलंय, त्यांना झोप लागावी म्हणून. आम्ही इथूनच तर बघतो सगळं."

"आधी आत जा! फोन हातातच ठेवा, पळा!"

चपलांचा आवाज आला. दार उघडलं, आणि आतल्या यंत्राचा एकसुरी, न थांबणारा सूर ताईच्या कानात शिरला. किती वेळ वाजत होतं ते, देवच जाणे.

"सिस्टर? बोला ना, सिस्टर."

फोनपासून तोंड वळवून सिस्टर ओरडली, "डॉक्टरांना बोलवा! कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!"